मृत्यूची भरपाई आणि राज्याचें ऋण

मेलेल्या माणसाचे पैसे घेणें ही गोष्ट आपल्या समाजांत कोणासहि गोड वाटत नाहीं. घरांतला कर्ता पुरुष रस्त्यावर मोटारीखालीं सांपडून मेला आणि चार महिन्यांनीं त्याच्या बायकोनें भरपाईचा दावा लावला, म्हणजे शेजारपाजारांत कुजबूज सुरू होते. नवरा गेला तो गेला, आतां त्याचें मोल करून घ्यावयास निघाली, असें लोक म्हणतात. असें म्हणणारीं माणसें दुष्टच असतात असें नाहीं. पुष्कळदां तीं मृताविषयींच्या आदरानेंच बोलत असतात. तीच मोटार सरकारी असली म्हणजे संकोच दुणावतो. खासगी मालकाला नांव असतें, गांव असतें. त्याच्यावर रागावतां येतें. सरकारी जीपचा मालक कोण? सरकार म्हणजे आपण सारेच, असें आपण शाळेंत शिकलेलों असतों. मग आपणच आपल्यावर दावा कसा करावयाचा? कित्येक भोळ्या लोकांस तर सरकाराशीं भांडणें आणि दैवाशीं भांडणें यांत फारसा फरकच वाटत नाहीं.

भारतांत २०२२ या एका वर्षांत रस्त्यावरील अपघातांनीं १,६८,४९१ माणसें मेलीं. इतक्या घरांचें दार ज्या प्रश्नानें ठोठावलें, तो केवळ वकिलांचा म्हणून सोडून देतां येणार नाहीं. त्याच्या पोटांत दोन निराळे प्रश्न आहेत, आणि ते एकमेकांत गुंतल्यामुळें दोहोंचेंहि उत्तर चुकतें. मृत्यूची भरपाई मागणें हें मुळांत नीतीस धरून आहे काय, हा पहिला प्रश्न. आणि मारणारें वाहन राज्याचें असेल, तर राज्य जें देतें तें ऋण म्हणून देतें कीं अनुग्रह म्हणून, हा दुसरा.

पहिल्या प्रश्नाविषयीं नेहमींचा आक्षेप असा कीं, मनुष्याचें जीवित अमोल आहे. अमोल वस्तूची किंमत करणें हाच तिचा अपमान होय. जर्मन तत्त्वज्ञ कांट यानें १७८५ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या नीतिविषयक ग्रंथांत हाच विचार मोठ्या रेखीवपणें मांडला आहे. ज्याच्या जागीं तत्सम दुसरें ठेवतां येतें त्याला किंमत असते. ज्याच्या जागीं दुसरें कांहींच ठेवतां येत नाहीं त्याला प्रतिष्ठा असते. आणि मनुष्य दुसऱ्या कोटींतला आहे. सिद्धांत निर्विवाद आहे. परंतु त्यावरून 'म्हणून कांहींच मागूं नये' हें अनुमान काढूं लागलों, तर आपण कोठें जाऊन पोहोंचतों तें पाहण्यासारखें आहे.

इंग्लंडांत १८०८ सालीं एक खटला झाला. प्रवासी घोडागाडी उलटली. आंत नवराबायको होतीं. नवऱ्यास मार बसला, आणि बायको सुमारें महिन्याभरानें वारली. नवऱ्यानें गाडीच्या मालकांवर दावा केला. लॉर्ड एलेनबरो या न्यायाधीशानें सांगितलें कीं, नवऱ्याची स्वतःची दुखापत आणि पत्नीच्या मृत्यूच्या क्षणापर्यंत तिच्या सहवासाची झालेली हानि, एवढ्याचीच भरपाई मिळेल. त्या क्षणानंतरची नाहीं, कारण दिवाणी न्यायालयांत मनुष्याच्या मृत्यूबद्दल नुकसानीची तक्रार ऐकतां येत नाहीं. या नियमाचा अर्थ उघड आहे. पाय मोडला तर पैसे द्यावे लागत. जीव घेतला तर द्यावे लागत नसत. निष्काळजी गाडीवाल्याच्या दृष्टीनें अर्धमेल्या उतारूपेक्षां पुरता मेलेला उतारू स्वस्त पडे. त्याच देशांत जी गाडी वा जो घोडा माणसाच्या मरणास कारण होई, तो किंवा त्याची किंमत राजाकडे जमा करण्याची जुनी रूढि होती. म्हणजे मरणाचे पैसे घेणें निंद्य नव्हतें. फक्त ते मृताच्या घरीं जात नव्हते. ही रूढि १८४६ सालीं बंद झाली, आणि त्याच वर्षीं मृताच्या कुटुंबियांस भरपाईचा हक्क देणारा कायदा तेथें झाला. हिंदुस्थानांत तसा कायदा १८५५ सालीं आला.

यावरून निघणारा बोध असा कीं, जीविताच्या अमोलपणाचा आधार घेऊन भरपाई नाकारली, तर त्या अमोलपणाचा लाभ मारणाऱ्यास मिळतो, मरणाऱ्यास नव्हे. शिवाय भरपाई मागणारी विधवा जीविताची किंमत मागतच नसते. गेलेल्या माणसाच्या हातून जें घर चालत होतें, मुलांची फी जात होती, म्हाताऱ्या आईचें औषध येत होतें, तें चालू ठेवण्याचा भार कोणावर, एवढाच तिचा प्रश्न असतो. तो भार कोणावर तरी पडतोच. दावा न केल्यानें तो नाहींसा होत नाहीं. तो केवळ ज्यानें अपराध केला त्याच्या खांद्यावरून घसरून, ज्यांनीं कांहींच केलें नाहीं त्यांच्या खांद्यावर बसतो. मुलगा शाळा सोडून हॉटेलांत कपबश्या धुऊं लागतो, तेव्हां बापाच्या मरणाची भरपाई तोच करीत असतो.

आतां दुसऱ्या प्रश्नाकडे वळूं. वाहनाच्या अपराधाचा दोष मालकापर्यंत पोहोंचतो, ही कल्पना आपणांस परकी नाहीं. मनुस्मृतींतील वर्णभेदाची व्यवस्था आज कोणीहि विचारी मनुष्य मान्य करणार नाहीं. तथापि तिच्या आठव्या अध्यायांत गाडीच्या अपघातांविषयीं जें प्रकरण आहे तें कोणत्याहि आधुनिक न्यायाधीशानें लक्षपूर्वक वाचावें असें आहे. वेसण तुटली, जूं मोडलें, आंस किंवा चाक मोडलें, अथवा सारथ्यानें 'बाजूला व्हा' म्हणून ओरडून सांगितलें, अशा दहा प्रसंगीं दंड नाहीं. परंतु सारथि अनाडी असल्यामुळें गाडी भलतीकडे गेली आणि इजा झाली, तर दोनशें पण दंड मालकानें द्यावयाचा. सारथि कुशल असून त्यानें चूक केली, तर दंड सारथ्यास. ज्यानें अनाडी माणसाच्या हातीं कासरा दिला तो सुटत नाहीं, हें त्यांतील तत्त्व. आणि याच अध्यायांत पुढें असें सांगितलें आहे कीं, ज्या अपराधास सामान्य मनुष्यास एक कार्षापण दंड, त्याच अपराधास राजाला हजार. हे दंड आहेत, भरपाई नव्हे, हें खरें. पण जितकी सत्ता अधिक तितकी जबाबदारी अधिक, हा विचार त्यांत स्पष्ट आहे.

आमच्या अर्वाचीन कायद्यानें मात्र नेमकी उलट वाट धरली. १८६१ सालीं कलकत्त्याच्या न्यायालयापुढें एक प्रकरण आलें. खिदिरपूरच्या सरकारी गोदींतील मजूर लोखंडाचा एक अवजड भाग रस्त्यावरून नेत होते. गाडी येतांना पाहून त्यांनीं तो टाकला. आवाजानें एका आगबोट कंपनीच्या गाडीचा घोडा बुजला आणि जखमी झाला. कंपनीनें साडेतीनशें रुपये मागितले व न्यायालयानें सरकारास जबाबदार धरलें. घोड्याची दाद लागली. पण निकाल देतांना न्यायाधीशांनीं एक भेद करून ठेवला: खासगी मनुष्यहि करूं शकेल अशा कामांत सरकारचा नोकर चुकला तर सरकार जबाबदार, राज्यसत्तेच्या खास कामांत चुकला तर नाहीं. ईस्ट इंडिया कंपनी व्यापारीहि होती आणि राज्यकर्तीहि होती. त्या दुहेरी सोंगाला हा भेद कदाचित् शोभत असेल. आश्चर्य हें कीं, स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेच्या ३०० व्या कलमानेंहि राज्याची जबाबदारी जुन्या मापानेंच मोजावयाची ठेवली.

या भेदाचें फळ काय झालें तें दोन वाहनांच्या कथेवरून कळेल. पंजाबच्या उच्च न्यायालयापुढें १९५० च्या दशकांत एक प्रकरण आलें. कामावरील सैनिकांसाठीं जेवण घेऊन जाणाऱ्या लष्करी ट्रकखालीं एक मनुष्य मेला होता. जेवण पोंचविणें हें राज्यसत्तेचें कार्य ठरलें आणि सरकार सुटलें. पुढें दिल्लीच्या उच्च न्यायालयापुढें वायुदलाच्या गाडीचें प्रकरण आलें. ती खेळाडूंना हॉकीच्या सामन्यास घेऊन गेली होती. तिच्याखालीं मनुष्य मेला. खेळ हें राज्यसत्तेचें कार्य नव्हे, म्हणून सरकार जबाबदार ठरलें. आपल्या मुंबईच्या उच्च न्यायालयानेंहि १९६० च्या दशकांत, दुरुस्त केलेलें यंत्र तोफखाना विद्यालयाकडे नेणाऱ्या लष्करी ट्रकच्या अपघातांत सरकारास जबाबदार धरलें. असें यंत्र कोणीहि वाहून नेऊं शकतो हें त्याचें कारण. न्यायाधीशांना दोष देण्याचें कारण नाहीं. दिलेल्या मापानें त्यांनीं मोजलें. परंतु मृताच्या दृष्टीनें पहा. चाक तेंच, रस्ता तोच, मरण तेंच. पोरांच्या तोंडीं घांस पडावयाचा कीं नाहीं, हें मात्र गाडींत भाकऱ्या होत्या कीं हॉकीच्या काठ्या होत्या यावर ठरावयाचें.

याविरुद्ध पहिला मोठा आवाज १९६२ सालीं उठला. उदयपूरच्या कलेक्टरसाठीं ठेवलेली सरकारी जीप १९५२ च्या फेब्रुवारींत दुरुस्तीच्या कारखान्यांतून परत येत असतां तिनें पदपथावरून चालणाऱ्या एका मनुष्यास ठोकरलें. तो तीन दिवसांनीं मेला. विधवेनें व लहान मुलीनें दावा केला. राज्य सरकार शेवटच्या पायरीपर्यंत भांडलें. दहा वर्षांनीं सर्वोच्च न्यायालयानें पंधरा हजार रुपयांचा हुकूमनामा कायम केला, आणि प्रजासत्ताकांत अशा जबाबदारींतून राज्यानें सुटावें यास तत्त्वतः आधार नाहीं असें सांगितलें. पण १९६४ सालीं मीरतच्या पोलिसांनीं जप्त केलेलें सोनें पोलिसानेंच पळविल्याच्या प्रकरणांत त्याच न्यायालयानें पुन्हां जुना भेद उचलून धरला. तो निकाल देणारे सरन्यायाधीश गजेंद्रगडकर हे महाराष्ट्रांतील संस्कृत विद्वानांच्या घराण्यांतले. कायदा असा असल्यामुळें दाद देतां येत नाहीं याचें वैषम्य त्यांच्या निकालांत दिसतें; विधिमंडळानें हा कायदा बदलावा असें त्यांनीं त्यांतच सुचविलें. इंग्लंडनें १९४७ सालींच तसा कायदा केला होता. आमच्या विधि आयोगानें १९५६ च्या आपल्या पहिल्याच अहवालांत तेंच सांगितलें होतें. १९६७ सालीं लोकसभेंत विधेयकहि आलें, पण तें व्यपगत झालें. १९९४ पर्यंत न्यायालयांनींच निकालानिकालानें ती सबब बरीच आखडत आणिली. मोटार अपघातांत राज्य आज साधारणतः इतर मालकांप्रमाणें जबाब देतें. परंतु जें न्यायालयानें ओढून काढलें तें राज्यानें आपण होऊन दिलें असें म्हणतां येत नाहीं.

राज्याच्या बाजूनें दोन गोष्टी बोलण्यासारख्या आहेत. एक अशी कीं, राज्याचीं कांहीं कामें निकडीचीं असतात. प्रत्येक चुकीचा दाम मोजावा लागेल या धास्तीनें शिपाई वा सैनिक कचरूं लागला तर सर्वांचेंच अहित होईल. दुसरी अशी कीं, खजिना कोणा राजाचा नव्हे, तो गरिबांच्याहि करांतून भरतो. एका घराला दिलेले पैसे दुसऱ्या घराच्या शाळेंतून वा दवाखान्यांतूनच काढावे लागतात. हे आक्षेप पोकळ नाहींत. पण त्यांचा नीट विचार केला तर ते राज्याच्या सुटकेकडे नव्हे, जबाबदारीकडेच नेतात. लष्करी ट्रक कोणाच्या कामावर होता? तुमच्याआमच्या रक्षणाच्या. मग त्या रक्षणाच्या ओघांत जो आघात झाला, त्याचा सारा भार त्या दिवशीं त्या वळणावर सायकलवर असलेल्या एकाच माणसाच्या घरानें कां सोसावा? काम सर्वांचें असेल तर त्याची हानिहि सर्वांनीं वांटून घेतली पाहिजे, आणि वांटून घेण्याचें साधन खजिना हेंच आहे. काम जितकें अधिक सार्वजनिक, तितकें हें ऋण अधिक पक्कें. खजिना गरिबांचा आहे हें खरेंच. पण ती विधवाहि त्याच गरिबांतली एक आहे. एकीकडून नकळत घेतलेलें सर्वांनीं थोडथोडें परत करणें यांत अन्याय नाहीं. फ्रान्समध्यें बोर्दो येथें सरकारी तंबाखू कारखान्याच्या गाडीनें एका लहान मुलीस जखमी केलें, त्या प्रकरणांत १८७३ सालीं दिलेल्या निर्णयापासून त्या देशानें राज्याच्या जबाबदारीचें स्वतंत्र शास्त्रच उभें केलें. एका मुलीच्या दुखापतींतून एवढें निघालें. आमच्याकडे मृत्यूंची कमतरता होती असें नाहीं.

आणि शिपाई कचरेल ही भीति? भरपाई म्हणजे शिक्षा नव्हे. चालकाचा अपराध असेल तर तो फौजदारी न्यायालय पाहील. गरीब चालकाच्या पगारांतून विधवेचें घर चालावें असें कोणी म्हणत नाहीं. मालकाची जबाबदारी निराळी, ती नेमण्याची आणि पाठविण्याची जबाबदारी आहे. म्हणूनच राज्याची एक संवय फार खटकते. महाराष्ट्र सरकारविरुद्धच्या एका प्रकरणांत सरकारी जीप नेमलेल्या चालकानें एका कारकुनाच्या हातीं दिली होती. कारकुनास ती चालविण्याचा अधिकार नव्हता, सबब आम्ही जबाबदार नाहीं, असें सरकारचें म्हणणें पडलें. १९९५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तें मानलें नाहीं. काम सरकारचेंच होतें, करण्याची रीत चुकली एवढेंच. कायद्याच्या दृष्टीनें प्रश्न सुटला. नीतीच्या दृष्टीनें विचारावेंसें वाटतें कीं, जो चालक सलाम करीत असतो तोंवर आपला, आणि अपघात होतांच परका, असें म्हणणाऱ्या धन्याला आपण आपल्या गल्लींत काय म्हणतों?

किती द्यावयाचें, या प्रश्नांतहि एक नीतीचा कांटा लपलेला आहे. हल्लींची रीत अशी: मृताचें वार्षिक उत्पन्न घ्यावयाचें, त्यांतून त्याचा स्वतःचा खर्च वजा करावयाचा, आणि उरलेल्यास वयाप्रमाणें गुणावयाचें. २००९ च्या निकालानें ठरविल्याप्रमाणें पंचविशींपर्यंतच्या तरुणास अठरानें, आणि वय वाढेल तसतसें कमीनें. हिशेब म्हणून हें समंजस आहे, कारण गेलेला आधार ज्याचा त्याचा निराळा असतो. पण याच न्यायानें बड्या पगाराच्या माणसाचें मरण महाग आणि रोजंदाराचें स्वस्त ठरतें. आपस्तंबाच्या धर्मसूत्रांत क्षत्रियाच्या वधाबद्दल हजार गाई, वैश्याच्या वधाबद्दल शंभर, आणि शूद्राच्या वधाबद्दल दहा, असें वैराचें निवारण सांगितलें आहे. तें वाचून आपण मान खालीं घालतों. मग आपल्या कोष्टकाकडे पाहतांना थोडी तरी अस्वस्थता वाटावयास हवी. गृहिणीचें उदाहरण घ्या. १९९४ सालीं कायद्यास जोडलेल्या कोष्टकांत न कमावणाऱ्या पत्नीचें उत्पन्न कमावत्या पतीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकें धरलें होतें. जमशेटपूरच्या १९८९ च्या आगीच्या प्रकरणांत २००१ सालीं न्यायालयानें गृहिणीच्या कामाचा आंकडा महिना तीन हजार धरला; २०२१ सालीं तर गृहिणीच्या श्रमास मोल देणें हा समतेचा प्रश्न आहे असें स्पष्ट सांगितलें. जी बाई पहांटेपासून रात्रीपर्यंत राबत होती, तिचें काम मोजावयास ती मरावी लागली, ही गोष्ट न्यायालयाची नव्हे, आपल्या घरांची लाज आहे.

यांतून वाट काढावयाची तर भरपाईचे दोन भाग मनांत वेगळे ठेवले पाहिजेत. एक, गेलेल्या आधाराची भर. ती घराघरागणिक निराळी असणें अपरिहार्य आहे. दुसरा, एक मनुष्य आमच्या हातून मेला या गोष्टीचा स्वीकार. तो राजाचा असो वा रंकाचा, सारखाच असला पाहिजे. २०१७ च्या निकालांत अंत्यविधि, सहवासाची हानि इत्यादींसाठीं ज्या ठरीव रकमा आहेत, त्या या दुसऱ्या भागाच्या जवळ जातात. पण त्या पंधरा हजार, चाळीस हजार अशा, म्हणजे मुख्य रकमेच्या शेपटासारख्या. उलट २०१९ च्या दुरुस्तीनें दोष सिद्ध न करतां मृत्यूबद्दल पांच लाख रुपये मागण्याची जी सोय केली, तींत सर्व मृत सारखे आहेत. समतेचा पाया तेथें घातला गेला आहे. इमारत बाकी आहे.

आतां अनुग्रहाविषयीं. मोठा अपघात झाला कीं सानुग्रह अनुदान जाहीर होतें. तातडीची मदत म्हणून तें चांगलेंच; कोणाचें पोट त्यानें भरत असेल तर त्यास नांवें ठेवूं नयेत. परंतु 'अनुग्रह' या शब्दांतच सारें आलें. अनुग्रह करणारा वर असतो, घेणारा खालीं. अनुग्रह न केला तर विचारतां येत नाहीं. जेथें राज्याच्याच चाकाखालीं मनुष्य मेला, तेथें देणाऱ्यानें वर उभें राहण्याचें कारण काय? सरकारी कामाच्या वाहनांस विम्याच्या सक्तींतून कायद्यानेंच सूट दिली आहे. खजिना हाच त्यांचा विमा, असा त्यामागील विश्वास. तो विश्वास खरा करावयाचा तर सरकारनें विमा कंपनीच्याहि आधीं दारीं गेलें पाहिजे. प्रत्यक्षांत दार विधवेनेंच ठोठवावें लागतें, आणि तेंहि मुदतींत: १९९४ सालीं काढून टाकलेली सहा महिन्यांची मुदत २०१९ च्या दुरुस्तीनें पुन्हां घातली गेली, आणि तिच्या वैधतेस सर्वोच्च न्यायालयांत आव्हान द्यावें लागलें. राज्याला विधेयक पुरें करावयास अर्धशतक पुरत नाहीं. शोकांत बुडालेल्या घरानें मात्र अर्ध्या वर्षांत कागद जमवावेत, अशी ही अपेक्षा आहे.

म्हणून ज्या घरावर असा प्रसंग आला असेल, त्या घरानें लाजूं नये. मागावें, मुदतींत मागावें, आणि मान वर करून मागावें. त्यांत मृताची विक्री नाहीं. तो मनुष्य रस्त्यावरचा दगड नव्हता, त्याच्यावर घर उभें होतें, आणि त्याला मारणाऱ्यानें तें ओळखलें पाहिजे, एवढेंच त्या अर्जाचें म्हणणें असतें. शेजाऱ्यांनीं कुजबूज करण्याऐवजीं कागद लिहून देण्यास, तारखेस बरोबर जाण्यास हातभार लावावा. आणि जे अधिकारी अशा दाव्यांत सरकारतर्फे कैफियत देतात, त्यांनीं सही करण्यापूर्वीं एकदां स्वतःस विचारावें: वाहन आपलें होतें काय, चालक आपला होता काय, काम आपलें होतें काय? तिन्हींचें उत्तर होय असेल, तर भांडावयाचें उरलें तें केवळ रकमेविषयीं. आणि त्यासाठीं दहा वर्षें लागत नाहींत.